उजवीकडून उघडणारं पुस्तक

माझी थोरली लेक गेल्यावर लातूरच्या हॉस्टेलवरून तिचं सामान नांदेडला आलं. गादी, बादली, जीवशास्त्राच्या पुस्तकांचा गठ्ठा आणि त्या गठ्ठ्याच्या तळाशी एक जपानी चित्रकथा, इंग्रजीत भाषांतर केलेली. डॉक्टर व्हायचं म्हणून ती तिथे क्लास करत होती. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि आठवडाभरात ती गेली. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. आता लिहिलं आहे, पुढे जाते.

पुस्तकाच्या कव्हरवर गणवेशातल्या मुली होत्या. त्यांच्यामागे शाळेचं फाटक आणि फाटकाला लोंबकळलेली, डोळे पांढरे झालेली माणसं.

"झोंबी म्हणतेत त्यांना," धाकटीने सांगितलं. "मेलेत, पण चालतेत. चावले की आपण पण तसेच."

"म्हणजे सकाळी आपल्या गल्लीतून क्लासला जाणारी पोरं," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ते माझ्याकडे राहायला आले. सकाळी दारात खुर्ची टाकून ते ती पोरं रोज पाहतात. धाकटी खळखळून हसली. आमच्या घरात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं होतं. मी मात्र पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

ते पुन्हा बाहेर निघालं भांडणामुळे. धाकटी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि म्हणाली, मला लातूरलाच जायचंय. मी नाही म्हणाले.

"इथं गल्लीगल्लीत क्लास हायेत. देगलूरहून, किनवटहून लोक पोरं इथं आणून ठेवतेत आणि तू लातूर धरून बसलीस."

"इथं मला घरात राहावं लागंल, आई."

"मग?"

"मला शिंक आली की तू थर्मामीटर आणतीस. झोपले की येऊन बघतीस, श्वास चालू हाय का न्हाई. मी अभ्यास करू का जिवंत असल्याचं दाखवत राहू?"

प्रवेशाची मुदत जवळ आली होती. हो किंवा नाही, मलाच सांगायचं होतं, कारण मुलींचे वडील तेव्हा कोणत्याच प्रश्नाला "तू बघ" याशिवाय बोलत नव्हते.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी ते पुस्तक काढलं. थोरलीला त्या गावात, त्या खोलीत काय लागत होतं, ते मला त्यातून कळेल असं वाटलं. मी मराठी शिकवते, इंग्रजी सावकाश वाचते, पण तिथे चित्रंच जास्त होती. पहिल्या चित्रात एक मुलगी पाठीला दप्तर लावून मोकळ्या रस्त्यावर एकटी. मग ती टेकडीवरच्या शाळेच्या फाटकापाशी. पुढच्या पानांत जिन्यावर निपचित पडलेली मैत्रीण, काही पानांनी तीच मैत्रीण उभी, भात शिजवत असलेली. हळूहळू तिसरी आली, चौथी आली. बोलणं काही जुळत नव्हतं, आधी उत्तर आणि मग प्रश्न. मला वाटलं, जपानी लोकांची सांगायची तऱ्हा असेल. शेवटच्या पानावर वर्ग मुलींनी भरलेला, कुणी उशिरा आलेली दारात उभी आणि सगळ्या हसताहेत. मी पुस्तक मिटलं. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

जेवताना मी ही गोष्ट सांगितली. गेलेल्या मुली एकेक करून परत येतात, म्हणून थोरलीला आवडलं असेल, असंही म्हणाले.

अण्णांनी हात धुऊन पुस्तक मागितलं. त्यांचा हात आपोआप उजव्या बाजूला गेला आणि पुस्तक तिकडून उघडलं. निजामाच्या काळात त्यांची पहिली इयत्ता उर्दूत झालेली. दोन पानं न्याहाळून ते म्हणाले, "उलटं वाचलंस बाई. हे उर्दूवानी हाय. सुरुवात इकडून."

मी जिथून वाचायला सुरुवात केली होती, ते पान धाकटीने पुढे केलं. "इथं लिहिलंय की गं, थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं येताय!"

"मला वाटलं, ते त्या झोंबींना सांगितलंय."

अण्णांना हसता हसता ठसका लागला. मीही हसले, आणि मग उठून मोरीत भांडी घासायला गेले. ती गोष्ट मुलींच्या कमी होण्याची होती. ती त्या बाजूने वाचायची माझी तयारी नव्हती.

तरी दोन दिवसांनी वाचली. भरलेल्या वर्गापासून सुरू केली. एकेक मुलगी जाते. पण एक गोष्ट उलट वाचताना माझ्या ध्यानात आली नव्हती. कुणी गेली की दुसऱ्या सकाळी उरलेल्या मुली वर्ग झाडतात, फळ्यावर तासांचं वेळापत्रक लिहितात आणि त्यांच्यातलीच एक शिकवायला उभी राहते. घंटेच्या आवाजाने मेलेले वर चढतात, म्हणून घंटेचा लोलक काढून ठेवलेला, तास बिनघंटेचे. रडणं एखाद्याच चौकटीत, बाकी पानभर पाणी उकळणं, केस कापून देणं, गणितं. शेवटी उरलेली मुलगी टेकडीपलीकडे धूर बघते. तिथे कुणी चूल पेटवली असणार, म्हणून ती दप्तर घेऊन निघते. जिला मी एकटी परत येणारी समजले होते, ती निघालेली होती.

मला आमचा ताडपत्रीखालचा वर्ग आठवला. भूकंपाच्या साली मी लातूरला नववीत होते. आमचं घर तगलं, भिंतींना भेगा पडल्या. किल्लारीकडची गावं मात्र मातीत गेली. शाळेच्या इमारतीत कुणी पाऊल टाकेना, म्हणून मैदानात ताडपत्री बांधून वर्ग सुरू झाले. तिकडच्या एका गावातली मुलगी मामाकडे राहायला आली होती, तिला माझ्या शेजारी बसवलं. तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. काय बोलावं याची आम्ही सगळ्यांनी घाबरून तयारी केली होती. ती बसली, वही काढली आणि मला म्हणाली, "तुमच्यात भूमितीचं किती झालंय? आमचं त्रिकोणापातूर झालं होतं."

संध्याकाळी अण्णा दारातल्या खुर्चीत होते. मी विचारलं, "भूकंपानंतर आई मला शाळेत धाडायला तयार नव्हती. तुम्ही सायकलवर नेऊन सोडलं. भीती न्हाई वाटली?"

"वाटली की. जमीन तवा बी हालतच होती, रोज थोडी थोडी." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुला फाटकात सोडलं आन् समोरच्या टपरीवर बसून राहिलो. शाळा सुटंस्तोवर. कचेरीत रजा टाकली होती."

हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मी आत जाऊन धाकटीला म्हणाले, "लातूरला मी येते सोडायला. तुझ्या बाबांना घेऊन न्हाई, आपण दोघीच."

तिने मिठी वगैरे मारली नाही. "थर्मामीटर घरी ठेवायचं," एवढंच म्हणाली.

थोरलीचं हॉस्टेल मी टाळलं. दुसरं बघितलं, त्याच भागातलं. तिथे पोचल्यावर मी आधी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण पाहिलं, मागच्या बाजूचं पाणी साचलेलं पिंप उपडं केलं आणि हॉस्टेलच्या मावशींना कूलरचं पाणी कधी बदलता ते विचारलं. धाकटी जिन्यात अंग चोरून उभी होती. मग खोलीत स्टूल ओढून मी तिच्या कॉटवर मच्छरदाणी बांधायला लागले. खोलीतल्या बाकीच्या दोन मुली पुस्तकांआडून बघत होत्या.

"आई, बस ना आता. हसतेत त्या."

"हसू दे."

त्यातली एक, इस्लापूरकडची, उठून जवळ आली. "काकू, माझ्या मायनं पण दिलीया मच्छरदाणी. ट्रंकेतच हाय. मला बांधता येईना गेली."

"काढ," मी म्हणाले. दुसरीनेही मुकाट्याने आपली काढली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि स्टूल त्या मुलीच्या कॉटपाशी सरकवलं. दुसऱ्या मच्छरदाणीच्या तिसऱ्या कोपऱ्यालाच सुतळी संपली. मी धाकटीला पैसे दिले आणि खालच्या दुकानातून अख्खं बंडल आणायला पाठवलं. शेजारच्या खोलीतल्या मुलीही आपापल्या मच्छरदाण्या घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.