झबल्याच्या आतली शिवण

मंगळवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी चारुलता नगरकरने यंत्राचं तोंड कातड्यावर टेकवलं आणि घोडा दाबला. यंत्र दिसायला भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलसारखं. त्यातून क्ष-किरण निघतात आणि समोरच्या वस्तूत कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते छोट्या पडद्यावर उमटतं. समोर होता हरणाच्या कातड्याचा, निळ्या-पांढऱ्या मण्यांचा, वर्षभराच्या मुलाला येईल एवढा सदरा. संग्रहालयाच्या भाषेत त्याला नुसताच क्रमांक होता. चारुलता मनातल्या मनात त्याला झबलं म्हणायची.

छातीवरच्या लाल डागावर यंत्राने पारा दाखवला. त्यात नवल नव्हतं. तो लाल रंग हिंगूळ असणार हे तिने धरलंच होतं, आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. मग तिने यंत्र खालच्या काठावर नेलं. तिथे लाल काहीच नव्हतं. पडद्यावर तरीही पारा आला. तिने काठ बदलला, बाही घेतली, पाठ घेतली. सगळीकडे पारा.

ती स्टुलावर बसली.

पुण्यात रसायनशास्त्र शिकलेली चारुलता लग्न होऊन जर्मनीत आली, ती दीनानाथच्या मोटारीच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे. मूल शाळेत जायला लागल्यावर ती पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि रेस्टाउराटोरिन होऊन बाहेर पडली. म्हणजे जुन्या वस्तूंची डागडुजी आणि राखण करणारी. तेव्हापासून ती एश्बॉर्नहून एस-बान ही लोकल गाडी पकडून फ्रँकफर्टच्या बंदराकडच्या, संग्रहालयाच्या या गोदामात येते. चामडं आणि पिसं हे तिचं खातं. जुन्या काळी युरोप-अमेरिकेतली संग्रहालयं अशा वस्तूंना कसर लागू नये म्हणून त्यांच्यावर सोमल, म्हणजे आर्सेनिक, किंवा पाऱ्याचे क्षार मारत, हे या खात्यातल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी शिकवतात. झबल्यात सोमल निघाला नाही. पाऱ्याचं मात्र कोडं होतं. हिंगूळ असेल तर तो जिथे बसला तिथे दगडासारखा बसून राहतो. फवारलेला क्षार असेल तर तो हळूहळू हवेत उतरतो आणि श्वासावाटे आत जातो. यंत्राला दोन्हीकडे दिसतो तो नुसता पारा. पाऱ्याशेजारचा गंधक यंत्राला नीट दिसत नाही, त्यामुळे दोन्हींतला फरक कळत नाही.

अकरा वाजता झबल्याची माणसं येणार होती.

झबलं ब्लॅकफूट या आदिवासी लोकांचं. त्यांचा मुलूख आज कॅनडातलं अल्बर्टा आणि अमेरिकेतलं मोंटाना अशा दोन्ही बाजूंना आहे. मधली सीमा त्यांना कोणी विचारून आखली नाही. ती आधी नकाशावर पट्टीने ओढली गेली आणि मग मोजणीदारांनी माळावर मातीचे ढीग रचून ती पक्की केली. त्या काळात रेल्वेच्या कामावर गेलेल्या एका जर्मन इंजिनिअराने झबलं विकत घेतलं आणि पुढे त्याच्या घरच्यांनी ते संग्रहालयाला दिलं. आता ते परत जायचं ठरलं होतं. न्यायला येत होत्या दोघी: अल्बर्टाची डोरीन, वय चौऱ्याहत्तर, आणि तिच्या बहिणीची नात तेस, मोंटानाची. गोदामाला लिफ्ट आहे का, असं तेसने ईमेलमध्ये विचारलं होतं, कारण तिला सहावा महिना होता. झबलं तिला बाळासाठी हवं होतं.

साडेआठला फ्राऊ हिल्डेब्रांट आल्या. त्या संग्रहाच्या प्रमुख. चारुलताने त्यांना पडदा दाखवला.

"आल्झो, थोडक्यात," त्या कोट न काढताच म्हणाल्या, "नक्की काय आहे ते माहीत नाही, बरोबर?"

"नाही माहीत."

"मग नक्की नसलेलं सांगून त्यांना घाबरवायचं कशाला? काचेच्या पेटीत ठेवू. हात लावू नका, वस्तू नाजूक आहे, असं सांगू. ते खोटं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला की लेखी कळवू."

"अहवाल तीन आठवड्यांनी येईल. त्या परवा विमानात बसतील, मांडीवर खोका घेऊन."

"फ्राऊ नगरकर, अकरा वर्षं या परतीसाठी पत्रव्यवहार चाललाय. आज दारातच विष म्हणालात, तर त्यांना वाटेल आम्ही पुन्हा निमित्त काढतोय."

हे खरं होतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. दीनानाथ.

"अगं, डबा ओट्यावरच राहिला."

"राहू द्या. अहो, मी कामात आहे."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"पोटुशी बाई येतेय आणि वस्तूत पारा निघालाय."

निवृत्त झाल्यापासून दीनानाथ प्रत्येक गोष्टीवर विनोद करायचा. आज त्याने केला नाही. "मग तिला सांगितलंस का?" एवढंच त्याने विचारलं.

अकराला पाच कमी असताना लिफ्टचं दार उघडलं. डोरीन ठेंगणी, जीन्समध्ये, गळ्यात दोरीला चष्मा. तेस उंच, एक हात पोटावर. फ्राऊ हिल्डेब्रांट स्वागताची दोन वाक्यं बोलल्या आणि तिसरं सुरू करायच्या आत चारुलता मधे आली.

"तेस, तू इथेच थांब. आत येऊ नकोस," ती इंग्रजीत म्हणाली. "वस्तूत पारा आहे. कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही. विषारी फवाऱ्याचा असेल, तर तू त्या खोलीतली हवासुद्धा घेऊ नयेस."

तेस एक पाऊल मागे सरली. हिल्डेब्रांटबाईंनी डोळे मिटून घेतले.

डोरीनने चारुलताकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विष तुमचं की आमचं?"

"तेच कळत नाही."

"म्हणजे?"

चारुलताने सांगितलं. लाल डागावर पारा असणं साहजिक आहे, तो रंगाचा. पण लाल नाही तिथेही पारा आहे, म्हणून फवाऱ्याचा संशय येतो.

"लाल नाही तिथे?" डोरीन हसली. तिच्या हसण्याला घोगरी धार होती. "लाल फक्त डागापुरता लावतात असं तुला कोणी सांगितलं? तेस, ऐकतेस ना? यांना वाटतं आपण कुंचल्याने ठिपके काढायचो."

"मावशीआजी, त्यांना बोलू दे," तेस म्हणाली.

"मीच बोलणार. ऐक, बाई. आमच्याकडे माती होती लाल. मग व्यापारी आले, उत्तरेकडून ब्रिटिश, दक्षिणेकडून अमेरिकन, आणि कागदाच्या पुड्यांत भडक लाल विकायला लागले. त्या पुड्या कुठून कुठून यायच्या, चीनमधूनसुद्धा. तळव्यावर चरबी घ्यायची, त्यात लाल कालवायचा आणि सगळीकडे चोळायचा. मुलाच्या तोंडाला, अंगाला, कपड्याला. पुन्हा पुन्हा. वरचा रंग जातो. आत मुरलेला राहतो."

चारुलताला तिच्या माहेरचा, भोरजवळच्या गावाचा शिवेवरचा म्हसोबा आठवला. नुसता दगड, पण शेंदूर आणि तेलाचे थर चढून चढून गोल झालेला. एका उन्हाळ्यात ते कवच खपलीसारखं गळून पडलं आणि आतला दगड तांबूस निघाला. कोणी तो धुतला नव्हता, धुवायचा नसतो. आणि ती स्वतः सकाळपासून या कातड्याकडे डाग असलेलं आणि डाग नसलेलं असं बघत होती. तिला स्वतःचाच राग आला.

पण राग म्हणजे पुरावा नव्हे. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तसं असू शकतं. पण माझा तुमच्यावर विश्वास आहे एवढ्यावर मी पोटुशी बाईला आत घेणार नाही."

"बरोबर," डोरीन म्हणाली. "मग काय करणार?"

"शिवणीच्या आत बघायचं. हाताने चोळलेला रंग घडीच्या आत जात नाही. फवारा किंवा बुडवलेलं पाणी मात्र जातंच. पण त्यासाठी टाका उसवावा लागेल, आणि तो टाका माझा नाही."

डोरीनने चष्मा डोळ्यांवर चढवला. "चल. तेस, तू बाहेर."

खोलीचं दार काचेचं होतं. तेस पलीकडे उभी राहिली, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. डोरीनने मागे वळून पाहिलं.

"झालं. इथेही रेषा निघालीच," ती म्हणाली. "माझी आजी सांगायची, अमेरिकन घोडदळ त्या मातीच्या ढिगांशी यायचं आणि घोडे मागे वळवायचे. आमची माणसं म्हणायची, काय जादू आहे या रेषेत! तेव्हा ती सैनिकांना अडवायची. पुढे आम्हालाच अडवायला लागली. हिच्या पणजीची आजी पलीकडे अडकली होती, आम्ही ज्यांच्यावर जगायचो ते बायसन संपले त्या उपासमारीच्या हिवाळ्यात. हे रेषेच्या अलीकडे शिवलं, तिच्या मुलासाठी पाठवलं. पोचलं नाही. कोणीतरी पिठासाठी विकलं असणार." ती थांबली. "मीही विकलं असतं."

हिल्डेब्रांटबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी डोरीनला हातमोजे आणि मुखपट्टी दिली, स्वतःही चढवली.

काखेतली शिवण निवडली. तिथे टाका दोऱ्याचा नसून जनावराच्या स्नायूच्या तंतूचा होता, वाळून ताठ झालेला. चारुलताने तो वाफेने थोडा मऊ केला. डोरीनने आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटून एकच टाका सुईच्या टोकाने सैल केला. यंत्र धरताना चारुलताने कोपर टेबलावर टेकवलं.

पडद्यावरचे आकडे हलत राहिले. कॅल्शियम. लोह. पाऱ्याच्या जागी नुसती खरखर, कोऱ्या कागदावर असते तेवढीच.

तिने पुन्हा घोडा दाबला. पुन्हा तेच.

"काय?" काचेपलीकडून तेसने ओठांनी विचारलं.

"काखेत नाही," चारुलता मोठ्याने म्हणाली.

हिल्डेब्रांटबाईंनी श्वास सोडला. "गेनाऊ! अगदी बरोबर. म्हणजे झालं."

"नाही झालं. फवारा बहुतेक वरून मारत. गळ्याशी जास्त बसतो, काखेत कमी. गळ्याची शिवण बघायला हवी."

डोरीनने मान हलवली. "आज नाही. एका दिवसात दोनदा टोचायचं नाही. उद्या."

"उद्या नक्की," चारुलता म्हणाली. "आणि गळा स्वच्छ निघाला तरी हिंगूळ आहेच. तुम्ही उघड्या हातांनी धरा, नंतर हात धुवा. तेसने नाही. बाळाजवळ ते एकदा टेकावं म्हणून तिच्या पोटावर आधी जाड कापड घालू, मग त्यावर झबलं. थोडाच वेळ. बाळाला घालायचं मात्र नाही, कधीच नाही."

"आणि गळा स्वच्छ नाही निघाला तर?"

"तर ते बंद डब्यात जाईल आणि तेस त्याला काचेतूनच बघेल."

डोरीनने काचेकडे पाहिलं. तेसचे हात अजून खिशातच होते.

"तू मला खोटं सांगू शकली असतीस," डोरीन म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

चारुलताने झबल्यावर पातळ कागद टाकला, दाराबाहेर आल्यावर तेसला सगळं पुन्हा एकदा सांगितलं आणि तिने विचारलेल्या चार प्रश्नांपैकी दोहोंना ‘माहीत नाही’ असं उत्तर दिलं. संध्याकाळी तिने कपाटातून जाड मांजरपाटाचा तुकडा काढला, साबणाशिवाय गरम पाण्यात दोनदा धुतला आणि गोदामातल्या दोरीवर वाळत घातला. तो लागेल की नाही हे तिला माहीत नव्हतं.

उद्या बुधवारी सकाळी नऊ वाजता यंत्र, रोजच्यासारखं, आधी कोऱ्या कागदावर चालवलं जाईल. त्यानंतर गळ्याच्या शिवणीवर.