लांब चोचीची तेलडबी

पाय किकच्या पेडलवरून घसरला आणि परत उसळलेलं पेडल नडगीवर आदळलं, तेव्हा मशीनकाकांनी मोटारसायकलला अशी शिवी घातली की तळमजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली.

"लागलं का हो?" काकूंनी जिन्यातून विचारलं.

"लागू दे! ही चालू होणार असेल तर दुसरी नडगीही देतो."

गाडीने यावर काहीच मत दिलं नाही. आवारातल्या भिंतीला टेकून ती उभी होती, आरशासारखी चकचकीत, आणि दगडासारखी गप्प.

मशीनकाका म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. छत्तीस वर्षं याच मोटारसायकलवर मागे हत्यारांची पेटी बांधून ते घरोघर फिरले. कुणाचा दोरा तुटतो, कुणाची सुई अडते, कुणाचं चाक कुरकुरतं, काका जाऊन बसले की मशीन ताळ्यावर यायचं. त्यांचा सगळा धंदा एका वाक्यात होता: लोखंड लोखंडाला घासतं तिथे एक थेंब. शर्टाच्या खिशात लांब चोचीची तेलडबी कायम असे. घरातलं एकही दार, कडी किंवा कात्री आवाज करायला धजावत नसे.

मग गुडघे दुखू लागले, काम थांबलं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली ती अकरा वर्षं. यंदा काकांनी ताडपत्री काढली. टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घालून ती खुळखुळ्यासारखी हलवत तीन दुपारी गंज काढला. कार्बोरेटर उघडून त्याचं प्रत्येक भोक तारेने साफ केलं. क्लचची केबल बदलली, सीट पुन्हा शिवली, आणि तीही घरच्या मशीनवर, दुहेरी टीप मारून. गॅरेजवाल्याने दोनदा विचारलं, "काका, येऊन बघू का?" काकांनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं. ज्याने हजारो मशीनं उघडली, त्याने स्वतःच्या एका गाडीसाठी दुसऱ्याला बोलवायचं? मग हात कशाला दिलेत?

आणि एका बुधवारी गाडी सुरू झाली होती! चांगली चार मिनिटं धडधडली. काकांनी काकूंना हाक मारली, काकू हातातला पडदा तसाच घेऊन धावत आल्या, दोघं लहान मुलांसारखी हसली. रविवारी काकांनी खुशीत येऊन तिची नखशिखांत सेवा केली. त्यानंतर तिने तोंडाला जे कुलूप लावलं, ते आजतागायत.

त्यांनी प्लग बदलला. मग दुसरा बदलला. पाचवा प्लग झाला, मग प्लगला वीज पुरवणारी कॉइल झाली. काढलेलं सगळं एका पत्र्याच्या डब्यात गेलं आणि डब्यावर काकांनी खडूने लिहिलं, 'बाद'. दर रविवारी सेवा, दर सोमवारी किका. प्लग काढून इंजिनाला टेकवून बघायचा, निळी ठिणगी पडते का. पडत नसे.

एवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस लागली. त्यांना नोटिसांची फार हौस. पहिल्या तारखेपासून आवारात फक्त चालती वाहनं राहतील, बंद वाहन भंगारात जाईल.

"काका, तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले, "पण नियम म्हणजे नियम. रविवारी सकाळी दहाला येतो. सुरू झाली तर जागा तुमची. नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

रविवारी काका सहालाच खाली उतरले. चेन, स्टँड, ब्रेकचा खटका, हँडल, प्रत्येकाला एकेक थेंब. शेवटी इंजिनाच्या बाजूचं गोल झाकण उघडलं. आत धातूच्या दोन इवल्या टिकल्या असतात. त्या उघडमीट करतात तेव्हा प्लगमध्ये ठिणगी पडते. गॅरेजवाले त्यांना पॉइंट म्हणतात. काकांनी त्या नेहमीसारख्या कागदाने घासून लख्ख केल्या आणि नेहमीसारखाच, अगदी मायेने, वर एक थेंब सोडला.

दहाला सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आले. मागून भंगारवाला हातगाडी ढकलत आला आणि तिच्यावरच बसला.

काकांनी किक मारली. काही नाही. दहा झाल्या, पंधरा झाल्या. शर्ट पाठीला चिकटला.

"काका, मी जरा मारून बघू?" भंगारवाला म्हणाला.

"तू तुझी गाडी सांभाळ. तिला तरी चाकं आहेत!"

"तुमच्या गाडीलापण आहेत की. म्हणून तर मला वजन जास्त मिळेल."

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. "काका, आणखी पाच मिनिटं देतो. मग मला लिहावं लागेल."

छत्तीस वर्षं जिने पाठीवरून वाहून नेलं, तिला आपल्या डोळ्यांदेखत हातगाडीवर आडवी टाकायची? काकांनी खिशातून डबी काढली आणि पुन्हा झाकणाकडे वाकले.

"थांबा!" काकू पायऱ्या उतरत म्हणाल्या. त्यांच्या हातात शिवणातली पांढरी चिंधी होती. "त्या बुधवारी ही डबी कुठे होती?"

"आता हे काय मधेच?"

"माझ्या मशीनपाशी होती. मी पडदे शिवत होते. तुम्ही दिवसभर शोधलीत आणि माझ्यावर खेकसलात. त्या दिवशी गाडीला तेल मिळालं नाही, आणि त्याच दिवशी ती चालली."

"अगं, तुला काय कळतंय? गाडी म्हणजे शिलाई मशीन नव्हे!"

"मग शिलाई मशीनसारखं तेल कशाला पाजता?"

भंगारवाला खुदकन हसला. सेक्रेटरींनी रजिस्टर तोंडापुढे धरलं.

"आणि मशीनलासुद्धा," काकूंचा आवाज खाली आला, "तेल घातलं की आधी चिंधीवर टीप मारून जास्तीचं तेल टिपायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्हीच शिकवलंत मला. हिचं कधी टिपलंत?"

काकांनी चिंधी जवळजवळ हिसकावूनच घेतली. ती टिकल्यांच्या मधून ओढली. चिंधीवर काळा, तेलकट पट्टा उमटला. त्यांनी कोरडी बाजू घेऊन पुन्हा ओढली. पुन्हा काळी. चौथ्या वेळी चिंधी पांढरी निघाली. काका तिच्याकडे बघतच राहिले. जिथून ठिणगीची वीज जाते, तिथेच ते दर रविवारी तेल ओतत होते. एवढे रविवार! एवढ्या किका!

ते उठले, कुणाकडे न बघता किक मारली. दुसरी मारली. तिसऱ्या किकेला गाडी खोकली, फुरफुरली आणि धडधडत जागी झाली. निळसर धुराचा लोट थेट रजिस्टरवर गेला.

"लिहा!" काका इंजिनाच्या आवाजावर ओरडले. "चालू वाहन, असं लिहा!"

सेक्रेटरींनी खोकत लिहिलं आणि पाय काढता घेतला.

"म्हणजे मी रिकाम्या हाताने जायचं?" भंगारवाल्याने विचारलं. त्याची नजर पत्र्याच्या डब्यावर गेली. "हा 'बाद' तरी द्या."

काकांनी डबा उघडला. पाच प्लग, एक कॉइल. सगळे धडधाकट. गुन्हा एकाचाही नव्हता. काकांचा चेहरा असा झाला की काकूंनी हसू गिळलं. काकांनी बाहीने खडूची अक्षरं पुसली आणि डबा काखेत मारला. "यातलं काही बाद नाही. जा बाबा तू."

आनंद व्हायला हवा होता. पण जिना चढताना काका प्रत्येक पायरीवर स्वतःशी पुटपुटत होते, "दर रविवारी. स्वतःच्या हाताने. दर रविवारी."

पुढच्या रविवारी ते कोरडं फडकं घेऊन खाली गेले. हात तीनदा खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. शेवटी त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "अगं, डबी टाक खाली! चेनला एकच थेंब!"

"टाकत नाही," खिडकीतून उत्तर आलं. "घेऊन येते. आणि चेनला मीच घालणार."