उकडलेली किवी

लेकीसाठी किवी चिरताना तो आंबूस वास आला आणि माझा हात थांबला.

पंधरा वर्षं झाली. धाकटी बहीण मंदा नाशिकच्या दवाखान्यात डेंग्यूने पडली होती. प्लेटलेट वाढतात म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी दोन किवी दिल्या. आम्ही सुरगाण्याची माणसं, असलं फळ कधी पाहिलेलंच नव्हतं. ती केसाळ, तपकिरी साल बघून आईला रानातला कडूकंद आठवला. तो कच्चा खाल्ला की बाधतो. म्हणून तिने मामाच्या खोलीवर जाऊन किवी दोनदा पाणी बदलून उकडल्या आणि डब्यातून आणल्या.

मंदाने तो कोमट, हिरवट लगदा खाल्ला. थोडा माझ्या बोटावर ठेवला. नुसता आंबट होता. तरी ती म्हणाली, "गोड हाय गं, आई."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

किवी कच्चीच खातात, हे मला नंतर कळलं. आईला कधी सांगितलं नाही.

आज आई मागे येऊन उभी राहिली. "उकडायची नाय का?"

"नाय गं. ही वेगळी जात हाय."

आईने एक फोड उचलून नाकाशी धरली आणि परत ताटलीत ठेवली.

"वास तर तोच हाय," ती म्हणाली.