तळहाताची पसंती

तुम्ही शेवटचं गाणं तळहाताने कधी ऐकलंत? कानाने नव्हे, तळहाताने. हसू नका. मी ज्या बाईबद्दल सांगणार आहे ती हा प्रश्न भेटेल त्याला विचारायची, आणि समोरचा उत्तर शोधत असतानाच त्याचं मनगट धरून पंजा स्पीकरच्या लाकडावर टेकवायची. मग दुसऱ्या हाताचं एक बोट वर करून म्हणायची, “आगु, आगु. अजून आलं न्हाई.”

आगु म्हणजे तेलुगूत थांब. काय यायचं आहे ते ती कधीच सांगत नसे.

आम्ही तिला अक्का म्हणायचो. सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती संगणकावर नक्षी काढायची. मोर, कमळं, हॉटेलांची नावं. मी शेजारच्या टेबलावर लेबलांचा मजकूर लिहायचो. ‘शंभर टक्के सुती’ एवढंच माझं तिथलं साहित्य. बाहेर मात्र मी पत्रकं लिहीत असे. आमच्या घरी पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी अक्षरं ओळखायला शिकलो, त्यामुळे दोन वाक्यांत एक तरी निषेध आल्याशिवाय मला लिहिल्यासारखं वाटत नाही. अक्का मला ‘पत्रकवाला’ म्हणायची. नावाने तिने मला कधी हाक मारली असेल तर मला आठवत नाही.

नक्षी काढताना तिच्या कानात सतत काहीतरी चालू असायचं. एकदा तिने इअरफोनचं एक बोंड माझ्या कानात घातलं. एक न थांबणारा ठोका, त्याखाली वळवळत पळणारा खर्ज, वर कढईत काहीतरी तडतडावं तसे आवाज. शब्द नाहीत.

“हे काय?”

“सायकेडेलिक ट्रान्स. मागच्या आठवड्यात आलंय. ब्राझीलचा पोरगा हाय.”

मी पेटलो. हे गोव्यातल्या पैसेवाल्यांचं, नशेच्या गोळ्या गिळून वाळूत उड्या मारणाऱ्यांचं संगीत, कष्टकऱ्यांच्या शहरात याचं काय काम, असं बरंच बोललो. ती मोराच्या पिसाऱ्यात हिरवा रंग भरत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “मग काय, त्यांचंच राहू द्यायचं का?”

मी ते बोंड परत कानात घातलं.

तिच्याकडून कळलं की हे संगीत मोठ्या कंपन्या काढत नाहीत. जगभरातली माणसं दिवसा पोटापाण्याचं काम करतात, उरलेल्या वेळात घरच्या खोलीत हे बनवतात आणि इंटरनेटवर ठेवतात. ऐकणारे थोडे. त्यातलं नवं काय चांगलं, याची यादी अक्का दर महिन्याला करायची. पण ती स्वतः निवडायची नाही. निवडायचे तिचे नायना, म्हणजे वडील. आणि नायनांना ऐकू येत नव्हतं.

सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेल्या माणसाचे कान काय होतात हे आपल्या शहरात कोणाला सांगायला नको. अंगावर ज्या चादरी घेऊन आपण झोपतो, त्यांनी कुणाची तरी श्रवणशक्ती खाल्लेली असते. कोणी भरपाई मागितली नाही, कोणी दिली नाही. नायना आधी हळूहळू बहिरे झाले आणि मग हळूहळू मुके. बोलायचं कशाला, असं म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. एका दुपारी अक्काने फरशी पुसताना स्पीकर उचलून त्यांच्या बाजेवर पालथा ठेवला. गाणं चालूच होतं. नायनांनी बाजेच्या लाकडावर हात टेकला आणि भिंतीकडचं तोंड वळवलं. खूप दिवसांनी बोलले. “माग कोणी चालू केला?”

तिथून ती रविवारची बैठक सुरू झाली. अक्काच्या मामांची एक शेड होती. माग भंगारात विकून झालेले, जमिनीत फक्त बोल्टांची भोकं उरलेली. तिथे तीन बाजा जोडून मांडलेल्या, मधोमध पालथा स्पीकर, आणि सभोवती निवृत्त विणकर, तळहात लाकडावर टेकून. आवाज इतका कमी की बाहेर शेजारणीचा मिक्सर जास्त ऐकू यावा. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या डीजेवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

अक्का एकेक नवं गाणं लावायची. आवडलं तर म्हातारे पंजा तसाच ठेवायचे, नाही आवडलं तर उचलून मांडीवर घ्यायचे. बस, एवढंच मतदान. मी पाहिलेल्या सगळ्या निवडणुकांत ही सर्वांत स्वच्छ. परदेशी नावं कोणाच्या जिभेवर बसत नसत, म्हणून आवडलेल्या गाण्यांना ते स्वतःची नावं द्यायचे. ब्राझीलच्या पोराचं ते ‘उकळता रस्सा’. फिनलंडच्या कुण्या बाईने दलदलीतले आवाज पकडून केलेलं ते ‘बेडूक’. जपानमधल्या एका बसचालकाच्या गाण्यात खर्ज सरकत सरकत वर यायचा, त्याचं नाव ‘ओली दोरी’. ‘ओली दोरी’ लागलं की नायनांचे डोळे मिटायचे.

मग अक्का त्या त्या माणसाला मोडक्या इंग्रजीत कळवायची: तुमचं नवं गाणं आमच्या वडिलांना फार आवडलं, त्यांना ऐकू येत नाही. ब्राझीलहून उत्तर आलं, तीन प्रश्नचिन्हं. तिने हातांचा व्हिडिओ पाठवला. त्यावर त्या पोराने काय लिहिलं ते तिने आम्हाला दाखवलं नाही, पण त्या दिवशी तिचे सगळे मोर फार देखणे निघाले.

आणि मग वस्तीच्या अध्यक्षांकडे तक्रार गेली. वस्तीतल्या कोणीतरी फोनवर ‘सायकेडेलिक’चा अर्थ शोधला होता आणि त्यात नशा सापडली होती. मामा घाबरले. “पोलिसात गेलं तर मी कुलूप लावणार बघ,” ते अक्काला म्हणाले. कुलूप लागलं तर काय होणार हे तिला ठाऊक होतं. नायना परत भिंतीकडे वळले असते. मी उत्साहाने म्हणालो, “अक्का, जोरदार पत्रक काढू या.”

“नको. बोलवू या त्यांना.”

रविवारी वस्तीचे अध्यक्ष चार माणसं घेऊन आले. स्वतः जुने विणकर, आवाज खणखणीत, कारण त्यांनाही आपलाच आवाज कमी ऐकू यायचा.

“आमाला सगळं कळलंय!” दारातूनच ते ओरडले. “पोरांना नशा शिकवायलीस हितं!”

“कुठली पोरं काका?” अक्काही तेवढ्याच जोरात म्हणाली. “सगळ्यात बारकं पोरगं हितं साठीचं हाय. हा पत्रकवाला सोडून. आन त्याला कसली नशा शिकवायची, तो जन्मापासनंच चढलाय.”

अध्यक्षांच्या मागचा एक जण हसला आणि लगेच गंभीर झाला.

“मग हे सगळे डोळे मिटून का बसलेत?”

“बसून बघा की. आधी तोंडातला मावा तेवढा बाहेर टाकून या. हितं चालत न्हाई.”

अध्यक्ष बाहेर जाऊन थुंकून आले. बसले मात्र नाहीत. हात पाठीमागे बांधून बाजेला गुडघा टेकवून उभे राहिले, तपासणीला आल्यासारखे. अक्काने त्याच आठवड्यात आलेलं एक गाणं लावलं. आम्ही कोणीही ते आधी ऐकलेलं नव्हतं, तिनेही नाही. नवं गाणं सगळ्यांनी एकदमच घ्यायचं, हा तिचा नियम. त्या दिवशी तरी नियम मोडावा, ओळखीचं ‘ओली दोरी’ लावावं, असं मी कुजबुजलो होतो. तिने ऐकलं नाही.

ठोका सुरू झाला. खर्ज पळायला लागला. बाजेचा थरथराट अध्यक्षांच्या गुडघ्यात शिरत होता. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, पण पाठीमागची बोटं सुटली होती.

आणि एकाएकी सगळं थांबलं. या प्रकारच्या संगीतात अशी जागा येते. सगळं ताणत नेतात आणि ठोका काढून घेतात. परदेशात म्हणे त्या क्षणी हजारो लोक हात वर करतात.

आमच्या शेडमध्ये सगळे म्हातारे ताडकन उठले. चालता माग थांबला याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ. आणि सगळ्यांच्या आधी धावले ते अध्यक्ष. भिंतीजवळ, जिथे आता फक्त बोल्टांची भोकं होती, तिथे वाकून त्यांनी उजवा हात मागाच्या मुठीसाठी पुढे केला आणि ओरडले, “दारं तेगिंदी! धागा तुटला!”

हात हवेतच राहिला. तिथे माग नव्हता.

कोणी हसलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून हसणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात नायना पुढे झाले. मागांच्या कलकलाटात विणकर एकमेकांशी हातांनी बोलतात, तसे त्यांनी अध्यक्षांसमोर अंगठा आणि तर्जनी जुळवून फिरवली. गाठ मार. मग तोंडाने म्हणाले, “सांधला. ये, बस.” आणि त्यांना धरून बाजेवर बसवलं, त्यांचा पंजा लाकडावर ठेवला.

ठोका परत आला.

अध्यक्षांचे डोळे मिटले. गाणं संपलं, पुढचं लागलं, तेही संपलं, पंजा तिथेच. निघताना त्यांनी चपला शोधत फर्मावलं, “पुढच्या रविवारी चहात साखर कमी घाला. सगळ्यांना शुगर हाय.” त्या गाण्याला नाव मात्र त्यांनी दिलं नाही. आमच्या यादीत ते एकच गाणं बिननावाचं आहे, आणि पहिल्या क्रमांकावर आहे.

शेडची किल्ली आता त्यांच्याकडेच असते. बैठक चालू आहे. नवी गाणी निवडून मी आणतो आणि त्यातल्या निम्म्या तरी गाण्यांना म्हातारे पंजा मांडीवर घेतात.

कारण अक्का इथे नाही. आमचं नक्षीचं ऑफिस बंद झालं आणि तिला इचलकरंजीत तसंच काम मिळालं. नायनांना घेऊन ती गेली. तिकडेही माग आहेत, तिकडेही तसेच कान आहेत. तिला बैठकीसाठी अजून जागा मिळालेली नाही. लोक स्पीकर बघतात, गाण्याचा प्रकार विचारतात आणि दार लावून घेतात. परवा फोनवर सांगताना ती हसत होती. “एक घरमालकीण जरा घुटमळली हाय. बघू की.”

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमचं इचलकरंजीत कोणी असेल, कोणाची मागाची शेड रिकामी पडली असेल, तर आज फोन करा. सांगा की एक उंच, सावळी बाई आणि तिचे वडील येतील. रविवारची दुपार त्यांना द्या. दोन लाकडी बाजा जमवता आल्या तर तेवढ्या टाकून ठेवा.