तोंड मिट, हात दाव

पुऱ्या परंडा तालुक्यात माझ्याएवढा नावाजलेला दरोडेखोर झाला न्हाय. दरोड्यात माझं काम बाहेर गाडीचे बैल धरून बसायचं हुतं, आन तिथंच मला झोप लागली. साथीदार पळाले, बैल बी पळाले. फौजदारानं हलवून उठवलं तर म्या त्यालाच इचारलं, "झालं का रं? निघायचं?"

तवा मला मिसरूड बी फुटलं न्हवतं. निजामाचं राज हुतं. काही वर्सं आत काढली, मग नेकचलनीच्या मुचलक्यावर सोडलं. म्हंजी शिक्षा काय संपली न्हाय. नीट वागतो असं कागदावर अंगठा मारून कबूल करायचं, आन दर बाजारच्या दिशी ठाण्यात हजेरी द्यायची. चुकलं की परत आत. ती हजेरी घ्यायचा आमचा जमादार.

तुमी कुणी त्याला बघितला न्हाय, म्हणून सांगतो. ठाण्याम्होरं लिंबाचं झाड हुतं. त्याच्याखाली बाज टाकून बसायचा. दाढी मेंदीनं लाल, कमरंला सरकारी पट्टा, पितळंचा बिल्ला घासून घासून सोन्यावानी केलेला. आमी पोरं रांगेत हुबी. कुणी सांगाया लागलं की, "जमादारसाब, ह्या आठवड्यात म्या..." तर तो म्हणायचा, "तोंड मिट. हात दाव."

मग सोताचे हात धोतराला पुसायचा, आन मग आमचे हात हातात घ्यायचा. बगा की, चोर आमी, खुनी आमी, आन हात पुसायचा त्यो! तळव्यावर अंगठा फिरवायचा. घट्टे असले की म्हणायचा, "जा, भाकर खा." नसले की ठाण्याचं आंगण झाडाया लावायचा. ते आंगण म्या इतकं झाडलं की तिथली माती माझी सोयरी झाली.

एकदा म्या शक्कल केली. हजेरीला यायच्या आदी वढ्यावर बसून दगडावर तळवे घासले. चांगले लालभडक केले. जमादारानं बघितले आन इचारलं, "कंच्या दगडावर?"

म्या थापाड्या म्हणून बी नावाजलेला. हजेरी चुकली की आय मेली म्हणून सांगायचो. अशी दोनदा मारली तिला. तिसऱ्यांदा मारायला गेलो तर जमादार म्हणला, "अरे बेटा, सकाळी माझ्या घरवालीनं तिच्याकडनंच मेथी घेतली." माझी आय बाजारात भाजी इकायची, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

आमच्या रांगेत गुंडू हुता. माझ्याच वयाचा. बांधाच्या भांडणात त्यानं चुलत्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली हुती. अमीनसाब, म्हंजी ठाण्याचा फौजदार, गुंडूला सोडायला राजी न्हवता. जमादारानं त्याची जिम्मेदारी आपल्या अंगावर घेतली. म्हणला, "ह्या पोरानं परत काय केलं तर माझा पट्टा काढून घ्या."

गुंडूला गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं न्हाय. भावानं दार लावून घेतलं. जमादारानं त्याला आन मला आप्पा म्हणून एका शेतकऱ्याच्या इहिरीवर खंदायला लावलं. गुंडू दोन माणसांचं काम करायचा. त्यातलं एक माणूस म्या.

मग इहिरीला काळा खडक लागला. कुदळ मारली की ठिणग्या. आप्पा म्हणले, तेरखेड्याचा सुरुंगवाला येईल, दारू भरून फोडील, तवर काम बंद. म्या आठवडाभर पडून ऱ्हायलो. असं सुख मला तुरुंगात बी मिळालं न्हवतं.

बाजारचा दिवस आला. गुंडूचे हात बघून जमादार थबकला. फोड फुटून सालटं लोंबत हुतं, लाल मास दिसत हुतं. जमादारानं ते हात वर धरून समद्यांला दावले. "देखो! ह्येला म्हणायचं काम! एकाच इहिरीवर दोघं. ह्याचे हात बघा आन ह्या भाड्याचे बघा!"

म्या म्हणलं, "जमादारसाब, काम बंद हाय. खडक लागलाय."

"तोंड मिट."

"आयची आन."

"कंची आय? पयल्यांदा मेली ती, का दुसऱ्यांदा?"

समदी रांग हसली. म्या बी हसलो. मला तरी काय ठावं हुतं? म्या आपली झाडणी चुकवत हुतो, गुंडूचा इचार माझ्या टकुऱ्यात बी न्हवता. गुंडू तेवढा हसला न्हाय. खाली बघत हुबा हुता.

जमादारानं घरातनं करडीचं तेल आन हळद मागवली. बाजेवर शेजारी बसवून गुंडूच्या तळव्यांला सोताच्या हातानं लावली. फुकर घालत घालत. म्या आंगण झाडत झाडत बघत हुतो.

दुसऱ्या दिशी सकाळी गावात बोंब झाली. एका दुकानदाराच्या घराला मागल्या अंगानं भगदाड पडलं हुतं. मागं पडीक जागा, बाभळीची काटकं. भिंत दोन हात रुंद, दगडाची. काही दिवस थोडी थोडी पोखरून वरनं काटकं लावून ठिवली हुती. आत धान्याच्या पोत्यांपाशी दुकानदाराचा म्हातारा बाप निजायचा. त्याला जाग आली आसंल. कुदळीचा एकच घाव बसला हुता.

अमीनसाबानं पयला कुणाला धरला आसंल? मलाच! नाव काय उगंच झालं हुतं? दोन कानफटात बसल्या, तिसरी यायची हुती, तेवढ्यात जमादार आला. हातात ती कुदळ हुती, पडीक जागंत सापडलेली. त्यानं ती हळू भुईवर ठिवली.

"ह्याला सोडा, साब. ह्याचे हात मऊ हैत."

कुदळीच्या दांड्यावर दोन जागी पिवळं हुतं. करडीच्या तेलाचा वास येत हुता.

जमादार गुंडूला आणायला निघाला. म्या त्याच्या मागं मागं गेलो. का गेलो, मला बी कळलं न्हाय. गुंडू बंद पडलेल्या इहिरीच्या काठावर बसला हुता. पळाला न्हवता. जमादार त्याच्याम्होरं खाली बसला. आपले हात धोतराला पुसले.

"हात दाव."

गुंडूनं दावले. भेगांत हळद तशीच हुती.

"का रं बेटा?"

गुंडू म्हणला, "काम बंद हुतं, जमादारसाब."

जमादारानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. गुंडूला दोर बांधला तो मनगटाला न्हाय, कोपराच्या वर बांधला, तळव्यांला घासू नये म्हणून.

गुंडू गेला तो परत आला न्हाय. त्याला फाशी झाली म्हणत्यात. जमादाराचा पट्टा अमीनसाबानं समद्या ठाण्याम्होरं काढून घेतला. त्याला दारावर पहाऱ्याला हुबं केलं. हजेरी मग एक कारकून घ्यायला लागला, अंगठा मारला की झालं. कुणी कुणाचे हात बघत न्हवतं. तुमाला वाटंल म्या खूश झालो असंन. म्या जाता जाता जमादाराम्होरं हात करायचो. तो बघायचा न्हाय.

मग हैदराबादेवर फौज आली, राज बदललं. मुसलमानांच्या घरांवर लई वंगाळ दिवस आले. एका सकाळी जमादारानं गाडीत बोचकी भरली. घरवाली वर बसलेली. जमादाराच्या कमरंला पट्ट्याच्या जागी सुतळी. माझी आय मेथीची जुडी घिऊन गाडीपाशी गेली, घरवालीच्या पदरात घातली.

म्या बी गेलो. इतक्या दिवसांचं पोटात हुतं ते भाईर आलंच.

"जमादारसाब, म्या तवा सांगितलं हुतं. काम बंद हाय म्हणून."

जमादार चाकाची खीळ बघत हुता. वर न बघताच म्हणला, "दुसऱ्या कुणी बी सांगितलं असतं, तर ऐकलं असतं."