धोंड्याच्या वाणातला प्लाय

माझ्या वयाची माणसं कर्जतला नाहीतर नेरळला सेकंड होम घेतात. मी होडी घेतली. तीही जुनी, शिडाची, फायबरची आणि आतून पार कुजलेली. नौपाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीचं टेबल उघडायचं तर आधी खुर्च्या गॅलरीत न्याव्या लागतात, त्यामुळे होडीला आसरा मिळाला तो कोपरीत, खाडीच्या बाजूला, ओळखीतल्या एका गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत. तिथे ती लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. बायको पहिल्यांदा बघायला आली, शिडी चढून आत डोकावली आणि म्हणाली, "अरे, हिच्यात तर उंदीरसुद्धा भाड्याने राहणार नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. खिडकीतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून आतला सगळा प्लाय गेला होता. झोपायच्या दोन फळ्या, त्यांच्या खालच्या कप्प्यांची झाकणं, मधली आडवी भिंत. स्क्रूड्रायव्हर टोचला की पेढ्यात बोट जावं तसा आत जायचा. हे सगळं काढायचं आणि नवं बसवायचं, एवढंच काम होतं. ‘एवढंच’ हा शब्द मी त्या काळात फार सैल हाताने वापरत असे.

प्लायबद्दल मी इतकं वाचलं, इतकं पाहिलं, की पाहुण्यांनी फर्निचरचा विषय काढला की बायको मला चहा टाकायला आत पाठवू लागली. थोडक्यात सांगायचं तर होडीच्या प्लायचा गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देणारा नको आणि आतल्या थरांमध्ये कुठे पोकळी नको. पोकळीत पाणी जाऊन बसतं आणि ते वरून दिसत नाही. शिवाय प्लाय पाणी पितो तो तोंडाने नाही, कडेने. वरून कितीही चकचकीत करा, एक कड उघडी राहिली की संपलं. म्हणून प्रत्येक कड, प्रत्येक स्क्रूचं भोक इपॉक्सीने, म्हणजे ओतल्यावर दगडासारखं घट्ट होणाऱ्या रसायनाने, बंद करायचं. हे सगळं डोक्यात भरून मी बाजारात गेलो, तर ज्यावर ‘मरीन’ असा शिक्का नाही असा प्लायच मला कुठे दिसेना. एका दुकानदाराने तर चपलांच्या रॅकलाही मरीनच वापरा म्हणून आग्रह केला.

मी असा दुकानं पालथी घालत होतो आणि तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला.

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि जावई नावाच्या माणसाचे दिवस फिरतात. सासुरवाडीला बोलावणं येतं, पाटाभोवती रांगोळी निघते, ताटात अनारसे आणि वर चांदीची एखादी वस्तू वाण म्हणून मिळते. हे वाण नाकारायचं नसतं आणि परत करायचा तर प्रश्नच नसतो. आमच्याकडे अशी निरांजनं इतकी जमली आहेत की वीज गेली तरी आमचं काही अडायचं नाही.

माझी सासुरवाडी डोंबिवलीची. सासऱ्यांचं तिथे प्लायचं दुकान होतं. इमारत पाडायला गेली तेव्हा त्यांनी ते बंद केलं, आणि तेव्हापासून ते गॅलरीत बसून असतात. एके काळी आसपासच्या निम्म्या घरांचे ओटे आणि कपाटं त्यांना विचारून व्हायची. आता त्यांना दिवसभरात एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे ‘जेवायला वाढू का?’

धोंड्याच्या जेवणाला गेलो त्या दिवशी सासूबाईंनी औक्षण केलं, अनारशांचं ताट हातात दिलं आणि सासरे म्हणाले, "जावईबापू, या इकडे."

गॅलरीत भिंतीला टेकवून प्लायच्या चार शीट्स उभ्या होत्या. प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलेलं, वर झेंडूचं फूल.

"दुकान बंद केलं तेव्हा शेवटच्या मालातल्या बाजूला काढून ठेवलेल्या," ते म्हणाले. "घरच्या कुणाला तरी लागतील म्हणून. होडीचं कळलं आणि म्हटलं, चला, मुहूर्त लागला."

मग त्यांनी बोटाच्या पेराने शीटवर टकटक केलं. दुकानात हीच त्यांची ख्याती होती. प्लाय ते डोळ्यांनी नाही, कानांनी निवडायचे. गिऱ्हाइकासमोर वरपासून खालपर्यंत ठोकत जायचे आणि पोकळ आवाज आला की ती शीट बाजूला.

"ऐका," ते म्हणाले. मी ऐकलं. टक. टक. ठप. टक. ठप.

"बघा! भरीव, एकदम भरीव!"

त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मी शीटच्या कडेकडे पाहिलं. आतल्या थरात जागोजागी फटी होत्या. जाळी अनारशाला पडली तर करणारीचं नाव होतं, पण ती प्लायला पडली होती. मी बायकोकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं. सासूबाई उगाचच पदराने निरांजन पुसत होत्या.

सासऱ्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सोडून. त्यांच्या टीव्हीवरची मालिका खालच्या मजल्यावरचे लोक न बघता फॉलो करतात. कानाला यंत्र लावा म्हटलं की ते म्हणतात, "मला व्यवस्थित ऐकू येतं, तुम्हीच हल्ली पुटपुटता." हे आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण त्यांचं टकटकही गेलं असेल, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"उत्तम आहे, बाबा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वाण होतं.

टेम्पोत शीट्स चढवल्यावर बायकोने मला कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, बाबांना यातलं काही कळता कामा नये. शपथ आहे तुला. दुकान गेलं. प्लायमधलं आपल्याला कळतं, एवढंच राहिलंय त्यांच्याकडे."

"अगं, पण होडी?"

"होडीचं काय? ती आत्ता तरी कुठे पाण्यात आहे?"

घरी आल्यावर मी एका शीटचा तुकडा कापून कुकरमध्ये लावला. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. बायको स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काय शिजतंय?" मी खरं ते सांगितलं. तिने गॅस बारीक केला. "मग अजून दोन होऊ देत, कच्चा राहायचा." तुकडा बाहेर काढला, वाळवला, पिरगाळला, तरी एकही थर सुटला नाही. गोंद अस्सल होता. म्हणजे सासरे निम्मे बरोबर होते, आणि उरलेला निम्मा भाग मी भरून काढायचा असं ठरवलं. वरणाला मात्र पुढे बरेच दिवस सुताराच्या दुकानाचा वास येत होता.

जुन्या कॅलेंडरांची पानं चिकटवून मी होडीच्या आतल्या आकारांचे कागद कापले आणि त्यावरून फळ्या बेतल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण वाण दिलं म्हणजे आपलं काम संपलं असं सासऱ्यांना वाटत नव्हतं. ते रोज सकाळी डोंबिवलीहून कोपरीला येऊ लागले. मग मी त्यांच्या आधी पोचायचो. फळी ठोकायची, ठप वाजलं की पेन्सिलीने फुली मारायची, तिथे बारीक भोक पाडून सिरिंजने घट्टसर इपॉक्सी आत भरायचं आणि ते यायच्या आत फुल्या पुसून टाकायच्या. सिरिंजा घेताना मेडिकलवाल्याने काळजीने विचारलं होतं, "घरात कोण आजारी आहे?" मी म्हणालो, "होडी." त्यानंतर तो माझ्याशी फार बोलला नाही.

सासऱ्यांना आधी इपॉक्सी पटत नव्हतं. "सनमायका मारा, विषय संपवा," असं त्यांचं मत होतं. पण एकदा त्यांनी स्वतः ब्रशने कडेला पहिला हात दिला, आणि बघता बघता कडेने तो सगळा पिऊन टाकला. ते खूश झाले. "अजून पाहिजे हिला!" पुढे कडा हे त्यांचं खातं झालं. पंगतीत जावयाला वाढावं तसे ते कडांना आग्रह करकरून वाढायचे. मधूनच फळीवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "भरीव!" आणि आता ते खरंही असायचं. त्यांचं म्हणणं मी सकाळी खरं करून ठेवायचो आणि ते येऊन तपासायचे. मला ही व्यवस्था इतकी आवडू लागली होती की होडी लवकर होऊ नये असं वाटायचं.

शेवटची मोठी फळी राहिली होती, झोपायची. त्या दिवशी नेमके सासरे लवकर आले. निम्म्याच फुल्या मारून झाल्या होत्या. मी घाईघाईने फळी जागेवर नुसती ठेवली आणि चहा मागवला. चहा झाल्यावर ते म्हणाले, "लांबी पुरते का बघतो," आणि फळीवर कुशीवर आडवे झाले. डोळे मिटले. थोड्या वेळाने श्वास संथ झाला. मला वाटलं, लागला डोळा. मी पायथ्याशी बसलो आणि हळूच ठोकू लागलो. टक. टक. ठप.

"तिथे पोकळ आहे," सासरे म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नव्हते. गाल आणि कान फळीला चिकटलेले होते.

"पुन्हा वाजवा."

मी वाजवलं. ते उठून बसले आणि त्याच जागी स्वतः ठोकून पाहिलं. मग शेजारी ठोकलं. पुन्हा आडवे झाले, कान फळीला लावला आणि हात लांब करून दोन्हीकडे ठोकलं. मग सावकाश उठले.

"बसून ऐकलं की दोन्ही सारखंच लागतंय," ते म्हणाले.

त्यांनी पेन्सिलीच्या खुणांकडे बोट दाखवलं. "ह्या फुल्या कसल्या?"

"स्क्रूच्या."

"स्क्रू असे वाटेल तिथे मारतात?" ते माझ्याकडे बघत राहिले. "चारही शीट्स अशाच?"

"हो."

"आमच्या घरी माहीत आहे?"

"आईंना माहीत आहे. हिलाही."

"म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होतं," सासरे म्हणाले.

मग ते चिडले, आणि माझ्यावर चिडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. "गिऱ्हाईक असतात तर दुसऱ्या दिवशी ह्या शीट्स आणून माझ्या दारात आपटल्या असत्यात. जावई झालात म्हणून मला फसवायचं?"

"बाबा, वाण होतं ते."

"वाण अनारशांचं असतं! प्लायचं कधी वाण असतं का?" ते ओरडले, आणि ते कुणी दिलं होतं हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं. त्यांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

"दुकानात शेवटी शेवटी मी ठोकायचो आणि समोरचा मान हलवायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, त्याला पटलंय."

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. त्यांना यातून वाचवण्यासाठीच तर मी इतके दिवस पहाटे उठून सिरिंजा भरत होतो, आणि ते मला जमलं नव्हतं.

थोड्या वेळाने ते पुन्हा आडवे झाले आणि गाल फळीला लावला. "वाजवा. एक एक वीत सोडून."

मी वाजवायचो, ते सांगायचे, मी खूण करायचो. टक. "भरीव." टक. "भरीव." ठप. "पोकळ." फुली. फळीचा मधला भाग आला. मी ठोकलं. टक.

"पोकळ," ते म्हणाले.

माझी पेन्सिल सवयीने फळीवर टेकलीसुद्धा. एक फुली जास्त पडली तर होडीचं काय बिघडणार होतं? मी पेन्सिल उचलली.

"नाही, बाबा," मी म्हणालो. "भरीव आहे."

त्यांनी डोकं वर केलं नाही. "पुन्हा."

मी पुन्हा ठोकलं. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"हो, भरीव आहे," ते म्हणाले. "पुढे चला."