पाच सामन्यांची खुर्ची

आमच्या दुम्यात गावात प्रत्येक माणूस लाकडाचं काहीतरी करतो. कुणी कापतो, कुणी कोरतो, मी गाद्या भरतो आणि आमचा उस्ताद, उस्ता बदीर, पॉलिश करतो. चाळीस वर्षं लाख आणि स्पिरिट हुंगून त्याच्या नाकपुड्या अशा वर चढल्यात, की तो नुसता बसला असला तरी समोरच्याला वाटतं, आपण चपलेला काहीतरी लावून आलो. त्याच्या मुलीला बघायला आलेला पहिला मुलगा त्याचं तोंड बघून दारातूनच परत गेला. त्या दिवशी बदीर खुशीत होता.

किळस त्याला कशाचीही येते. फिक्रीचाचाच्या दुकानातल्या चहाची येते, इस्त्री केलेल्या रुमालाची येते, दुपारी झोपणाऱ्यांची येते. दोनच गोष्टी त्यातून सुटल्यात: नीट सुकलेलं पॉलिश आणि बरोबर मांडलेला तक्ता.

तक्ता म्हणजे फिक्रीचाचाच्या चहाच्या दुकानातला फळा. रमझानात आमच्या नऊ कारखान्यांचे नऊ संघ संध्याकाळी उपास सोडायच्या आधी फुटबॉल खेळतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा, म्हणजे आठ सामने. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. ईदला कारागीर आपापल्या गावी पांगतात, म्हणून चंद्र दिसला की स्पर्धा संपली. सामने राहिले तर राहिले. पहिल्या आलेल्या संघाच्या मालकासाठी एक नवी खुर्ची बनते. ती वर्षभर चाचाच्या दाराशी असते आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. या खुर्चीपायी आमच्याकडे ठरलेली लग्नं मोडलीत.

तक्ता बदीर लिहितो. चार वर्षांपूर्वी पावसाने त्याच्याच पॉलिशवाल्यांचे दोन सामने बुडाले. सहांपैकी पाच जिंकून त्यांचे पंधरा गुण झाले. आठही सामने खेळलेल्या एका संघाचे सोळा. खुर्ची सोळावाल्यांना गेली. बदीर तीन महिने लोकांचे चहा थंड करत हिंडला. "आठ ताटं जेवलेल्याचं पोट सहा ताटं जेवलेल्याहून मोठं दिसणारच. एका ताटाला किती, ते बघा." शेवटी लोकांनी वैतागून मान डोलावली. गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागायचं, असं ठरलं. हा नियम त्याने फळ्याच्या माथ्यावर तैलरंगाने लिहिला आणि वर पॉलिशचे आठ हात दिले. कुणाला खरवडताही येऊ नये म्हणून.

यंदा तो नियम हाजी दसूकींनी नीट वाचला. हाजींचा पलंगांचा कारखाना गावात सगळ्यात मोठा. त्यांच्या संघाने पहिल्या पाचांतले चार सामने जिंकले आणि मग त्या संघावर आपत्तीच कोसळू लागल्या. सहाव्या सामन्याला गोलरक्षकाची मावशी वारली. सातव्याला हाजींना मैदान ओलं वाटलं. त्याच मैदानावर शेजारी दुसरा सामना धुरळा उडवत चालला होता. आठव्याला अकराच्या अकरा जणांची पोटं बिघडली. ती मावशी मी ओळखतो. परवाच माझ्याकडून उशा घेऊन गेली, आणि किमतीवरून माझ्याशी भांडण्याइतकी ठणठणीत होती.

शेवटच्या दिवशी बदीरने खडू उचलला तेव्हा दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. हाजींचे पाच सामन्यांत बारा, म्हणजे सामन्याला दोन पूर्णांक चार दशांश. नक्षीवाल्या झगलूलचा संघ आठही सामने खेळला होता, सहा जिंकून अठरा गुण. भागले तर सव्वादोन.

झगलूल मैदानावरून तसाच, धुळीने माखलेला आला होता. "उस्ता, हे भागायचं खूळ तुझंच ना?"

"माझंच."

"मग तूच निस्तर. सहापेक्षा कमी खेळलेला संघ बाद, असं लिही. एक ओळ. सगळे हो म्हणतील."

सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो. हाजी खजुराची बी हळूच तळहातावर घेत म्हणाले, "आधी ठरलं असतं, तर आम्ही सहा खेळलो असतो, बाबांनो."

त्यात चीड आणणारी गोष्ट ही, की ते खरं होतं.

बदीरने हाजींकडे बघितलं. लोणच्याच्या बरणीत मेलेलं झुरळ दिसावं, तसं. "बरोबर आहे. माप खेळाआधी ठरतं. खेळ झाल्यावर माप बदलणारा आणि खेळ टाळून माप भरणारा, दोघांनाही मी घरात घेणार नाही." आणि त्याने हाजींचं नाव वर लिहिलं. लिहिताना हात अंगापासून इतका लांब धरला होता, की अक्षरं वाकडी आली.

"स्वतःच्या नियमाने स्वतःचंच नाक कापून घेतलंस," झगलूल म्हणाला.

"त्या नाकाने आयुष्यभर हेच हुंगलंय. गेलं तर बरंच."

ईदनंतर त्याने फळ्यावर तैलरंगात दुसरी ओळ घातली: 'टाळलेला सामना हरलेला धरावा. पुढच्या रमझानपासून.' मग खुर्ची पॉलिशला घेतली, वेळेवर दिली, आणि ती आरशासारखी चमकत होती. हाजी तिच्यावर बसले. आम्ही सगळे तोंड फिरवून चहा प्यायलो. बदीरचं काही बिनसलंय असं वाटेना, हेच विचित्र होतं.

जुलैत आमच्याकडे हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. एका दुपारी हाजींनी गरम पेला खुर्चीच्या हातावर ठेवला आणि उचलला, तर खाली पांढरं वर्तुळ. ते उठून बघतात, तर बैठकीवर त्यांच्या बैठकीचा पुरा नकाशा पांढरा उमटलेला, दोन्ही खंडांसकट.

"उस्ता," हाजी म्हणाले, "दरवर्षीची खुर्ची अशी होत नाही."

"दरवर्षीच्या खुर्चीला पॉलिशचे आठ हात असतात, हाजी."

"आणि हिला?"

"पाच. पाच हातही चमकतात. घामाला टिकत नाहीत, एवढंच."

"बाकीचे तीन कुठे गेले?"

बदीरने चहा हुंगला आणि पेला दूर सरकवला. "एकदा माझी मावशी वारली. एकदा लाकूड ओलं वाटलं. आणि एकदा पोट बिघडलं."

चाचा भिंतीकडे तोंड करून पेले विसळायला लागला. ते मघाशीच विसळून झाले होते. हाजी परत बसले. उठले की तो नकाशा सगळ्यांना दिसतो, म्हणून हल्ली ते दुकान बंद होईपर्यंत बसूनच असतात.